कॅमेरा घेण्याआधी

गेल्या रमजानच्या दोन महिने आधीची गोष्ट. अस्रची नमाज आटोपून आम्ही सहावीच्या वह्या तपासायला घेतल्या होत्या. इतक्यात आमची एक माजी विद्यार्थिनी आणि तिची अम्मी दारात उभ्या राहिल्या. मुलगी बी.कॉम. झालेली, शाळेत असताना स्नेहसंमेलनाचे फलक रंगवायला सगळ्यांच्या पुढे असे. आज तिच्या हातात कॅमेऱ्याच्या दुकानातून आणलेले कोटेशन होते.

"टीचर, ही म्हणते लग्नाचे फोटो काढणार," अम्मी चहाचा कप हातात घेताच म्हणाल्या. "ऐंशी हजारांचा हिशेब घेऊन आलीय. हिच्या अब्बांनी कुवेतहून थोडेथोडे करून पाठवलेले पैसे आहेत, पुढच्या शिकण्यासाठी ठेवलेले. आता तुम्हीच समजवा हिला."

खरे सांगायचे तर आमच्या तोंडावर "आधी बी.एड. कर" हेच आले होते. शिक्षकाच्या जिभेवर ते असतेच. पण ते बोलण्याआधी आम्हाला आमचा स्वतःचा अल्बम आठवला.

आमचा निकाह २००२ साली झाला. तेव्हा रोलचा कॅमेरा होता. एका रोलमध्ये छत्तीस फोटो आणि असे तीन रोल. फोटोग्राफर पुरुष असल्यामुळे तो मर्दान्यातच थांबला. त्यामुळे अल्बममध्ये काझीसाहेब आहेत, वकील आणि गवाह आहेत, पंगतीत बिर्याणी वाढणारे मोहल्ल्यातले सगळे तरुण आहेत. आमच्याकडे तो पाचच मिनिटे आला, तेही "दोन फोटो घ्या आणि जा" या अटीवर. त्या पाच मिनिटांत आमच्या अम्मी दाराआड सरकल्या. एका फोटोत त्यांच्या दुपट्ट्याचे टोक दिसते, बस्स. अम्मींना जाऊन सहा वर्षे झाली. आज त्यांचा एकच फोटो आमच्याकडे आहे, हजला जाताना पासपोर्टसाठी काढलेला. त्यात त्या घाबरलेल्या दिसतात. अम्मी तशा नव्हत्या.

म्हणून आम्ही त्या मुलीला समजावण्याऐवजी म्हणालो, "कोटेशन दाखव पाहू."

जुनीच गरज

फोटोबद्दल दीनी जाणकारांत वेगवेगळी मते आहेत, त्या चर्चेत आम्ही पडत नाही. ज्या घरात फोटो नको असतील त्या घराचा मान राखावा, हे झालेच. पण ज्या घरात फोटो काढले जातात, तिथे बायकांचे फोटो कोण काढणार हा प्रश्न आजचा नाही. लाला दीनदयाळ हे निजामाच्या दरबारचे नामांकित छायाचित्रकार. त्यांनी १८९२ च्या सुमारास हैदराबादेत खास बायकांसाठी जनाना स्टुडिओ उघडला आणि तो चालवायला एका इंग्रज बाईंना नेमले. पडद्यातल्या बायकांना निर्धास्तपणे फोटो काढून घेता यावा म्हणून ही सोय होती. सव्वाशे वर्षांपूर्वी एका कसलेल्या माणसाने ओळखलेली ही गरज आपल्या चिपळूण-खेडच्या हॉलमध्ये आजही तशीच उभी आहे. जनान्यासाठी बाई फोटोग्राफर मिळत नाही, म्हणून नवरीच्या मामेबहिणी मोबाइलवर फोटो काढतात. ते फोटो संध्याकाळपर्यंत कुठल्या कुठल्या ग्रुपवर फिरतात, ते नवरीलाही ठाऊक नसते.

म्हणजे मुलीने निवडलेले काम पोकळ नव्हते. फक्त तिचे कोटेशन चुकले होते.

पैसे कशावर घालावेत

आमच्या दिरांनी वीस वर्षे तालुक्याच्या गावी स्टुडिओ चालवला. रविवारी आम्ही मायलेकींना घेऊन त्यांच्याकडे गेलो. त्यांनी कोटेशन वाचले आणि हसले. "सगळे पैसे डब्यात घातलेस, डोळ्यासाठी काहीच ठेवले नाहीस," असे म्हणाले. डबा म्हणजे कॅमेऱ्याची बॉडी, डोळा म्हणजे लेन्स. नव्या कोऱ्या बॉडीवर सत्तर हजार, सोबत मिळणारी साधी लेन्स, आणि वर बॅग, ट्रायपॉड, एक 'फुकट' कार्ड. फ्लॅश नाही, दुसरी बॅटरी नाही.

मग त्यांनी जे समजावले ते आम्ही वहीत लिहून घेतले. ते असे:

लग्न उन्हात कमी आणि हॉलच्या आत जास्त होते, तेही रात्री. म्हणून पहिली लढाई उजेडाशी. कॅमेऱ्यासोबत मिळणारी साधी लेन्स झूम केल्यावर एफ ५.६ पर्यंतच उघडते. ५० मिमीची एफ १.८ लेन्स त्यापेक्षा जवळजवळ दहापट उजेड आत घेते, आणि लेन्सच्या बाजारात ती सर्वांत स्वस्त लेन्सपैकी एक आहे. चेहरा, मेंदीचे हात, बांगड्या, यासाठी पहिली खरेदी हीच. मात्र लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर ती ७५-८० मिमीसारखी वागते, म्हणजे नवरीच्या दहा बाय दहाच्या खोलीत भिंतीला पाठ टेकली तरी पूर्ण माणूस मावत नाही. तिथे साधी लेन्स १८ मिमीवर ठेवायची आणि फ्लॅश लावायचा. व्यावसायिक लोक २४-७० एफ २.८ ही लेन्स वापरतात. ती महाग असते. पहिल्या वर्षी विकत घेऊ नये, मोठे काम आले की दिवसाच्या भाड्याने आणावी.

फ्लॅश हवाच, पण त्याचे डोके फिरणारे असावे. समोरून मारलेला फ्लॅश नाक चकाकवतो आणि जरी जाळून टाकतो. डोके वर वळवून पांढऱ्या छतावर मारला तर उजेड मऊ होऊन खाली येतो. पण छत नसेल, शामियाना असेल, तर सावध! लाल कापडावरून परतलेला उजेड लालच येतो. हिरव्या कनातीखाली उभी राहिलेली नवरी आजारी दिसते. अशा वेळी फ्लॅशवर पांढरा डिफ्यूझर लावून तो हलका ठेवावा आणि फोटो रॉ स्वरूपात घ्यावेत, म्हणजे रंग नंतर सुधारता येतो.

बॉडी जुनी चालेल, पण पारखून. शटर किती वेळा उघडले आहे तो आकडा विचारावा. साध्या बॉडीचे शटर साधारण एक लाख वेळा चालेल असे धरतात. ऐंशी हजारांवर गेलेला कॅमेरा स्वस्त मिळाला तरी तो स्वस्त नव्हे. लेन्स उजेडाकडे धरून आत पाहावे. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी आहे. आपल्या कोकणात चार महिने पाऊस; बुरशी लागायला कपाटात ठेवलेला एक पावसाळा पुरतो. म्हणून कॅमेरा चामड्याच्या किंवा कापडी बॅगेत झाकून ठेवू नये. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, त्यात सिलिका जेलच्या पुड्या, आणि आठवड्याला एकदा बाहेर काढून वापरणे, हा गरिबाचा उपाय झाला.

डीएसएलआर की मिररलेस, हा मुलीचा मोठा प्रश्न होता. दीर म्हणाले, "दोन्हींत फोटो येतो." मिररलेसला चेहरा आणि डोळे पकडणे सोपे जाते, आणि तो आवाज न करता चालू शकतो, दुआ चालू असताना हे फार कामाचे. पण बॅटरी लवकर संपते, आणि तो बिनआवाजाचा शटर एलईडी दिव्यांखाली फोटोवर पट्टे उमटवू शकतो. जुना डीएसएलआर जड, पण स्वस्त मिळतो आणि एका बॅटरीवर लांब पल्ला गाठतो. हातात पैसे कमी असतील तर जुना डीएसएलआर घ्यावा आणि वाचलेले पैसे लेन्स-फ्लॅशवर घालावेत.

शेवटी मुलीचा हिशेब असा झाला: जुनी बॉडी साध्या लेन्ससह तीस हजार, ५० मिमीची लेन्स नऊ हजार, फ्लॅश नऊ हजार, दोन जादा बॅटऱ्या, तीन कार्डे, चार्ज होणारे सेल आणि एक हार्ड डिस्क मिळून बारा हजार. साठ हजार झाले. उरलेले वीस हजार अम्मींच्या खात्यात परत गेले, दुरुस्ती आणि भाड्यासाठी. त्या दिवशी अम्मींच्या चेहऱ्यावरचा ताण पहिल्यांदा उतरलेला दिसला.

सराव घरातच

तीन महिने तिने एकही लग्न घेतले नाही. खिडकीशी बसून भाकरी थापणाऱ्या अम्मींचे फोटो काढले. धाकट्या भावाला डोक्यावर मोगऱ्याचा सेहरा बांधून बसवले. कारण सेहऱ्यातली अडचण मोठी असते, कॅमेरा फुलांवर फोकस करतो आणि नवरदेवाचा चेहरा मागे धूसर राहतो. फोकसचा एकच बिंदू निवडून तो डोळ्यावर धरायचा, हे ती असे शिकली.

हॉलमधल्या एलईडीचे पट्टेही तिला असेच समजले. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्त दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. डोळ्याला ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळते. शटर १/१०० वर ठेवले की पट्टे बहुतेक जातात. माणसे हलत असतील तर १/१२५ किंवा त्याहून जलद हवे, तिथे फ्लॅशचा आधार घ्यावा. आयएसओ १६००, ३२०० करायला घाबरू नये. थोडा दाणेदार फोटो चालतो, हललेला फोटो नंतर दुरुस्त होत नाही.

पहिले वर्ष दुसऱ्याच्या हाताखाली

सुरुवात कशी करावी याचे उत्तर तिला गावातच मिळाले. एका जुन्या फोटोग्राफरला प्रत्येक मुस्लिम लग्नात एकच तक्रार ऐकावी लागे, "आमच्या बायकांचे फोटो राहिले." त्यांना जनान्यासाठी मुलगी हवीच होती. सहा लग्ने तिने त्यांच्यासाठी केली. पैसे थोडे मिळाले, पण लग्नाचा क्रम हातात बसला. वकील आणि गवाह नवरीची परवानगी घ्यायला येतात, तो क्षण दीड-दोन मिनिटांचा. मेहेरची रक्कम सांगितली जाते, नवरी मान हलवते, हळूच "हो" म्हणते, सही करते, आणि तेवढ्यात खोलीतल्या निम्म्या बायकांचे डोळे भरलेले असतात. हे परत करून दाखवा म्हणता येत नाही. म्हणून आधीच नवरीच्या उजव्या हाताकडची जागा धरायची, फ्लॅशचे सेल बदलून घ्यायचे, आणि वकीलसाहेबांच्या मागे अडकायचे नाही.

आणि मग ते घडले, जे घडू नये म्हणून दीर बजावत होते. तिच्या स्वतःच्या नावावरच्या दुसऱ्याच लग्नात कार्ड बिघडले. रात्री दमून घरी आली, "सकाळी कॉपी करते" म्हणून झोपली. सकाळी एकशे चाळीस फोटो उघडेनात. त्यांत सहीचे सगळे फोटो.

ती आमच्याकडे आली तेव्हा तिला बोलता येत नव्हते. दिरांनी तिला एकच गोष्ट लगेच सांगितली: त्या कार्डावर आता एकही फोटो काढू नको, फॉर्मॅट करू नको. वर नवे काही लिहिले गेले नसेल तर सॉफ्टवेअरने बरेच परत मिळते. नव्वद फोटो परत आले. सहीचा एकही आला नाही.

आम्ही तिला विचारले, "आता काय करशील?" कुणी काही न सांगता ती म्हणाली, "जाऊन सांगते." अम्मींना बरोबर घेऊन ती त्या घरी गेली, खरे ते सांगितले, घेतलेले पैसे पुढे ठेवले. नवरीच्या आई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग निम्मे पैसे त्यांनी परत सरकवले आणि म्हणाल्या, "बाकीचे फोटो चांगले आलेत. पण तो फोटो मला हवा होता गं." मुलगी आम्हाला म्हणाली, "टीचर, ओरडल्या असत्या तर बरे वाटले असते."

तेव्हापासून तिचा नियम ठरला आहे. एका कार्डावर पूर्ण लग्न नाही. परवानगीच्या आधी नवे कार्ड, नंतर पुन्हा दुसरे. घरी पोहोचल्यावर आधी कॉपी, मग जेवण. तीन प्रती: एक लॅपटॉपवर, एक हार्ड डिस्कवर, आणि एक घराबाहेर, मामूंच्या घरी ठेवलेल्या दुसऱ्या डिस्कवर. अल्बम घरी पोहोचेपर्यंत कार्ड पुसायचे नाही. पुढची बॉडी घेईल ती दोन कार्डे एकदम लिहिणारी. त्यासाठी ती पैसे साठवते आहे.

फोटो ही अमानत

या कामात कॅमेऱ्याहून मोठे भांडवल विश्वासाचे आहे. जनान्यात बायका बिनदुपट्ट्याच्या, हसत-गात असतात. तो कॅमेरा आत येतो तो भरवशावर.

इथे कायद्याची एक गोष्ट फोटोग्राफरांनाही नीट माहीत नसते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या १७ व्या कलमाप्रमाणे, पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला हक्कदार तो काढून घेणारा असतो, वेगळा करार नसेल तर. म्हणजे नवरीकडच्यांनी पैसे दिले असतील तर "फोटो मी काढला, मी कुठेही लावीन" असे म्हणता येत नाही. मग आपल्या कामाचे नमुने दाखवायचे कसे? या मुलीने त्यावर तोड काढली. तिच्या नमुन्यांत एकही चेहरा नाही. मेंदीचे हात, अत्तराची कुपी, खजुराचे ताट, उंबऱ्याशी गर्दी करून पडलेल्या चपला, मागून दिसणारा जरीचा दुपट्टा, तेही घरच्यांची लेखी परवानगी घेऊन. ते पाहूनच तिला कामे मिळतात.

प्रत्येक लग्नाआधी ती एका पानाचा कागद करते: किती तास, किती फोटो, अल्बम किती दिवसांत, आगाऊ किती, बाकी कधी. आणि त्याखाली तीन ओळी: जनान्याचे फोटो मी स्वतःच एडिट करीन, छापायला लॅबमध्ये स्वतः जाईन आणि फाइल तिथे ठेवणार नाही, अल्बम दिल्यानंतर ठरलेल्या तारखेला माझ्याकडच्या प्रती पुसून टाकीन. मध्यंतरी एका सजावटवाल्याने नवरीचा फोटो फलकासाठी मागितला, पैसेही देत होता. तिने नाही म्हटले. ही बातमी तिने कुणाला सांगितली नाही, पण ती पसरली. पुढच्या महिन्यात तीन घरांतून फोन आले.

पैशांबाबत एक सूचना. खालाच्या मुलीचे लग्न फुकट, फुफूच्या मुलाचे फुकट, असे करत गेले तर पाच वर्षांत कॅमेरा झिजतो आणि हाती काही राहत नाही. पहिले एक घरचे लग्न भेट म्हणून करावे. त्यानंतर नातलगांना दर कमी सांगावा, पण सांगावा. लग्नाचा एक दिवस म्हणजे घरी बसून एडिटिंगचे चार-पाच दिवस, हे दर ठरवताना धरावे. आणि घरवाल्यांनीही ड्रोन आणि सजावटीवर उधळताना या मुलीशी घासाघीस करू नये.

अब्बांची परवानगी शेवटी मिळाली, ती फोनवर. त्यांना कामाची लाज नव्हती, रात्रीच्या येण्याजाण्याची काळजी होती. ती रास्तच आहे. भाऊ सोडायला-आणायला जाईल, दहानंतर थांबायचे नाही, आणि दूरच्या गावी अम्मी सोबत, असे ठरले. आम्ही त्यांना होमाई व्यारावालांबद्दल सांगितले. १९१३ चा जन्म, मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या, भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. सुरुवातीला त्यांचे फोटो पतीच्या नावाने छापले जात. २०११ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले. अब्बा म्हणाले, "टीचर, माझ्या मुलीचे फोटो तिच्याच नावाने जाऊ देत."

गेल्या महिन्यात आमच्या शेजारच्या गल्लीत लग्न होते. नवरीच्या दादी ऐंशीच्या पुढच्या, कधी फोटोला बसल्या नाहीत. आम्ही पाहत होतो. मुलगी कॅमेरा बाजूला ठेवून त्यांच्याजवळ जाऊन बसली. पाय दुखतात का विचारले, त्यांच्या लग्नाची विचारपूस केली. मग म्हणाली, "दादी, एक काढू? फक्त घरातल्यांसाठी. आधी तुम्ही पाहायचा, नको म्हणालात तर तुमच्यासमोरच पुसते." दादींनी दुपट्टा सावरला आणि खिडकीकडे तोंड केले. फ्लॅश नाही, काही नाही. फोटो पाहून त्या म्हणाल्या, "ही तर माझी अम्मा दिसते." पुसायला सांगितले नाही.

ज्यांच्या घरात मुलगी कॅमेऱ्याचे कोटेशन घेऊन उभी असेल त्यांनी हा लेख कापून ठेवावा. आणि ज्यांच्या घरात तसे काही नाही, पण अम्मी, दादी, नानी आहेत, त्यांनी येत्या जुम्याला त्यांना विचारून, खिडकीशी बसवून, त्यांचा एक फोटो काढावा. मोबाइलवर काढला तरी चालेल. मात्र तो कागदावर छापून घ्यावा. मोबाइल बदलतात, बिघडतात, चोरीला जातात. आमच्याकडे दुपट्ट्याचे एक टोक आहे, म्हणून सांगतो.